पाटी खरी की वही?

प्रश्न : मुलीकडे कॅनडात कॅलगरीला गेलो असताना तिथल्या एका संग्रहालयात डेव्होनियन काळातला, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा, कापून घासलेला दगड पाहिला. खाली ‘स्ट्रोमॅटोपोरा, स्पंज’ अशी पाटी. माझ्या बी.एस्सी.च्या वहीत मात्र हा प्राणी हायड्रोझोआत, म्हणजे प्रवाळांच्या भाऊबंदांत आहे. खरे काय? आणि आमच्याकडे असा दगड मिळेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पाटी खरी. वहीला नावे ठेवू नका, तेव्हा सगळीकडे तेच शिकवत.

जर्मनीच्या आयफेल भागातल्या नमुन्यांवरून जीवाश्मतज्ज्ञ गोल्डफुस यांनी १८२६ मध्ये या प्रजातीला नाव दिले. तिला बसवायचे कुठे, यावर पुढे दीडशे वर्षे वाद चालला. हातभिंगाखाली चिरोट्यासारखे चुन्याचे पापुद्रे दिसतात, त्यांना तोलणारे खांब दिसतात आणि काही थरांवर चांदणीसारख्या फुटलेल्या नळ्या. स्पंजाच्या अंगात असतात त्या सुईसारख्या बारीक काड्या, म्हणजे शूकिका, मात्र नाहीत. मग स्पंज कसला? पुढे जीवाश्मतज्ज्ञ निकल्सन यांनी हायड्रोझोआकडे कौल दिला आणि तो टिकला.

कोडे सुटले ते जमैकाच्या समुद्रात. हार्टमन आणि गोरो या जोडीने १९७० मध्ये तिथल्या प्रवाळभित्तीच्या अंधाऱ्या कपारींतले जिवंत स्पंज जगापुढे मांडले. चुन्याचा भरीव सांगाडा, त्यावर तशाच चांदण्या! शरीरातले पाणी बाहेर नेणाऱ्या नलिकांच्या त्या खुणा. त्यांतल्या सेराटोपोरेलाच्या शूकिका सिलिकेच्या. त्या चुन्यात गाडल्या जातात आणि हळूहळू विरघळतात. म्हणजे ‘शूकिका नाहीत’ या आक्षेपातली हवाच गेली. मला तरी या साऱ्या प्रकरणात हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. तरीही १९७६ मध्ये काझ्मिएर्चाक यांनी हे सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे नील-हरित शैवाल म्हणतात त्या सूक्ष्मजीवांचे, थर आहेत असे मांडलेच. ते फारसे कोणी उचलून धरले नाही. आज स्ट्रोमॅटोपोरा आणि तिचे सगेसोयरे रंध्रीय प्राण्यांच्या, म्हणजे स्पंजांच्या, संघात आहेत.

हा गट डेव्होनियनच्याही बराच आधी, ऑर्डोव्हिशियन काळात आला. त्यानंतरच्या सिल्युरियनमध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटावर आणि डेव्होनियनमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यांनी भित्ती उभारल्या. तुम्ही गेलात त्या अल्बर्टात तर अशा भित्ती जमिनीखाली गाडलेल्या आहेत. तिथल्या लेडक गावाजवळ १९४७ मध्ये सापडलेल्या तेलापैकी बरेचसे या भित्तींच्याच पोकळ्यांत साठलेले होते. सुमारे ३७.२ कोटी वर्षांपूर्वीच्या विनाशात या भित्ती कोसळल्या आणि डेव्होनियन संपता संपता उरलेसुरलेही गेले.

नाशिकला शोधू नका. तिथला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हात स्पंज कुठून येणार, आणि ही मंडळी तर त्याच्या जवळजवळ तीस कोटी वर्षे आधीच आटोपलेली!