गुरुत्व स्थिरांकाचं एकक पाठ करावं लागतं का?

तुमचा मुलगा अकरावीत आहे, गुरुत्व स्थिरांकाचं 'मीटर घन प्रति किलोग्रॅम प्रति सेकंद वर्ग' हे एकक त्याच्या लक्षात राहत नाही आणि त्याचा अर्थही लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवते. माझ्या मुलांना मी हे एकक पाठ करूच देत नाही.

स्वारगेटहून डेक्कनला रिक्षानं गेलात तर भाडं म्हणजे दर गुणिले अंतर. भाडं रुपयांत, अंतर किलोमीटरमध्ये, म्हणून दर 'रुपये प्रति किलोमीटर'. हे एकक कुणी पाठ करतं का? स्थिरांकाचंही तसंच आहे. समीकरणाच्या दोन्ही बाजूंच्या मिती (म्हणजे लांबी, वस्तुमान, काळ यांचे घात) जुळण्यासाठी जे एकक लागतं, तेच त्याचं एकक.

न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगतो, की बल म्हणजे स्थिरांक गुणिले दोन्ही वस्तुमानं, भागिले अंतराचा वर्ग. त्यात स्थिरांक एकटा ठेवा: बल गुणिले अंतराचा वर्ग, भागिले वस्तुमानाचा वर्ग. बल म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटर, भागिले सेकंद वर्ग. वरचा किलोग्रॅम खालच्या दोनांपैकी एकाशी कटतो, मीटर तीन होतात. आलं एकक.

आता अर्थ. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. या स्थिरांकाला सूर्याच्या वस्तुमानानं गुणलं की किलोग्रॅम जातो आणि उरतं मीटर घन प्रति सेकंद वर्ग. अंतराचा घन, काळाचा वर्ग: हा तर केप्लरचा तिसरा नियम! ग्रहाच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा घन आणि एका फेरीच्या काळाचा वर्ग यांचं गुणोत्तर सगळ्या ग्रहांसाठी एकच असतं. त्यानं तो १६१९ मध्ये मांडला, न्यूटनच्या कितीतरी आधी. म्हणजे ते 'विचित्र' एकक सांगतंय, की मधल्या वस्तुमानाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ग्रहाच्या अंतराचा घन आणि फेरीच्या काळाचा वर्ग यांचं गुणोत्तर किती. फक्त सूत्रात ४π² हा आकडाही येतो, आणि तो मिती बघून कधीच सापडणार नाही. शुद्ध आकड्याला मितीच नसते.

प्रकाशकणाची (फोटॉनची) ऊर्जा आणि त्याची वारंवारता यांना जोडणाऱ्या प्लांकच्या स्थिरांकाचं एककही असंच काढा: ऊर्जा भागिले वारंवारता, म्हणजे जूल सेकंद. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला हायड्रोजनच्या ज्या १४२० मेगाहर्ट्झच्या लहरी मिळतात, त्यांच्या एका फोटॉनची ऊर्जा यानंच काढता येते: सुमारे ९.४ गुणिले दहाचा उणे पंचविसावा घात जूल. जूल सेकंद हेच कोनीय संवेगाचंही (फिरण्यातल्या संवेगाचं) एकक आहे आणि अणूतल्या इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग या स्थिरांकानं ठरलेल्या ठरावीक किमतीच घेऊ शकतो, असं बोरनं १९१३ मध्ये मांडलं. पण मिती सारखी म्हणजे राशी एकच, असं मात्र समजू देऊ नका. टॉर्क (म्हणजे फिरवणाऱ्या बलाचा परिणाम, बल गुणिले अंतर) आणि ऊर्जा यांची मितीही एकच असते, तरी पान्यानं नट आवळताना लावलेला टॉर्क म्हणजे ऊर्जा नव्हे.

आज रात्री त्याला बोल्ट्झमनचा स्थिरांक द्या. 'ऊर्जा बरोबर स्थिरांक गुणिले तापमान' एवढंच सांगा आणि एकक त्याला काढू द्या.