अमेरिकेत राहायचं तर टिकली काढून ठेवावी लागते का?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या बदलीमुळे सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जूनमध्ये फिलाडेल्फियाजवळ राहायला येताय, बातम्या बघून धास्ती वाटते, तर तिथे धर्मावरून, राजकारणावरून खरंच त्रास होतो का? टिकली-मंगळसूत्र घालून बाहेर पडता येतं का? शाळेत मुलीला काही म्हणायला लावतील का? मी इथे पंचवीस वर्षं आहे. सुरुवातीची सहा जर्सी सिटीत गेली, पुढची सगळी फिलाडेल्फियाच्या उपनगरात. टिकलीपासूनच सांगते, कारण माझीही सुरुवात तिथूनच झाली.

२००० साली जर्सी सिटीत आले तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरच्या एक काकू राहायच्या. पहिल्याच आठवड्यात मी पाथ ट्रेनने न्यूयॉर्कला निघाले, तर त्यांनी मला जिन्यात थांबवलं, नखाने माझ्या कपाळावरची टिकली अलगद काढली आणि माझ्याच पर्सच्या आतल्या अस्तराला चिकटवली. "तिथे पोचलीस की लाव गं," म्हणाल्या. मला तेव्हा रागच आला. संध्याकाळी त्यांनी घरी बोलावून सगळं सांगितलं. १९८७ मध्ये त्या शहरात स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळी उगवली होती. 'डॉट' म्हणजे आपली टिकली. भारतीयांना इथून घालवण्यासाठी आम्ही कुठल्याही थराला जाऊ, फोनच्या डिरेक्टरीत पटेल आडनाव शोधून घरं गाठतो, असं त्यांचं पत्र चक्क स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी नावाच्या तरुणाला टोळक्याने रस्त्यात बेदम मारलं आणि चार दिवसांनी तो गेला. तो पारशी होता. काकूंनी त्या वर्षापासून रस्त्यावर कधी टिकली लावली नाही. तेरा वर्षांनी टोळी उरली नव्हती, शहर बदललं होतं, पण त्यांचं बोट आपोआप माझ्या कपाळाकडे गेलं.

ही भीती उगाच नव्हती, हे आधी कबूल करायला हवं. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांत ॲरिझोनातल्या मेसा गावात बलबीरसिंग सोढी या शीख पेट्रोलपंपवाल्याला गोळी घातली, पगडी बघून. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात रविवारी सकाळी गोळीबार झाला आणि त्या दिवशी सहाजण गेले. २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोतला हा इंजिनियर बारमध्ये मित्रासोबत बसला असताना 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडत एकाने त्याला गोळ्या घालून ठार मारलं. मारणाऱ्याला ते दोघे इराणी वाटले होते. पुढच्या वर्षी पिट्सबर्गच्या 'ट्री ऑफ लाइफ' सिनेगॉगमध्ये अकरा ज्यू मारले गेले. द्वेष करणारा माणूस समोरच्याची जात, पंथ, पासपोर्ट तपासत बसत नाही. आपल्यातले काहीजण 'आपण तसे नाही हो, आपण हिंदू' असं गोऱ्यांना समजावत फिरतात, त्याचा म्हणून मला फार संताप येतो. ओलेथमध्येच इयन ग्रिलट नावाचा एक गोरा तरुण त्या बंदूकवाल्याच्या मागे धावला आणि त्यानेही गोळी खाल्ली. तो वाचला. या देशाबद्दल बोलताना मला दोघेही एकदम आठवतात.

पण तुम्ही रोजच्या जगण्याबद्दल विचारताय, आणि रोजचं जगणं एवढं भयंकर नाही. पंचवीस वर्षांत 'आपल्या देशात परत जा' हे मला तोंडावर दोनदा ऐकावं लागलं, दोन्ही वेळा पार्किंग लॉटमध्ये, दोन्ही वेळा निवडणुकीच्या दिवसांत. एरवी मी टिकली लावते, सणाला साडी नेसून दुकानात जाते, कोणी काही म्हणत नाही. कोणी विचारलंच तर कौतुकाने विचारतं.

आता जी गोष्ट सांगते ती बातम्यांत दिसत नाही. माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक बाई बसते, आयरिश वंशाची, कॅथलिक. दोन-तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती सकाळी आली तर कपाळावर राखेचा क्रॉस. अॅश वेन्सडे होता, ईस्टरच्या आधीच्या उपासांचा पहिला दिवस. आपण अंगारा लावतो तसाच अंगठ्याने ओढलेला, थोडा नाकावर सांडलेला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, मागच्या वर्षी पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वाटलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात, आणि 'तू मातीच आहेस, मातीतच जाणार' हे आठवायला लावतात. मला ते इतकं आपलं वाटलं! दहा वाजता मीटिंग होती. पावणेदहाला ती बाथरूममधून आली तेव्हा कपाळ स्वच्छ होतं, घासून लाल झालेलं. मी विचारलं का पुसलंस. म्हणाली, "आत सगळ्यांना वाटेल की मी त्यांच्यातली." 'त्यांच्यातली' म्हणजे रिपब्लिकन; कॅथलिक चर्चचा आणि त्या पक्षाचा, दोघांचाही गर्भपाताला विरोध. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतल्यापासून आमच्या ऑफिसात, जिथे बहुतेकजण शिकलेले, तरुण आणि उदारमतवादी आहेत, चर्चला जाणाऱ्या माणसाकडे संशयाने बघायची रीत पडली आहे. तिने मत कोणाला दिलं हे कोणी तिला विचारलं नव्हतं. तिच्या हातात ओला टिश्यू होता, त्यावर काळा डाग होता, आणि मला जिन्यातल्या काकू दिसल्या.

टिकली पुसायला लावणारे मारायला उठले होते. राख पुसायला लावणारे फक्त भुवया उंचावतात. या दोन्हींना मी एका तराजूत तोलत नाही. पण त्या दिवशी मला कळलं की इथे धर्म ही आता राजकीय संघाची जर्सी झाली आहे. जर्सी बघितली की आतलं माणूस कोणी बघत नाही. गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) मतदारांतले दहापैकी आठ रिपब्लिकन पक्षाला मत देतात, आणि तेच बायबल हातात घेऊन, तितक्याच भक्तीने रविवारी गाणारे कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षाला. ग्रंथ एकच. तेव्हा 'ख्रिस्ती धर्मच असा' किंवा 'श्रद्धाळू माणसं अशीच' हे मला पटत नाही. राज्यघटनेच्या सहाव्या कलमात सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला सरळ मनाई आहे, पण मतदाराच्या मनात ती अट असतेच. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडींना ह्यूस्टनच्या पाद्र्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की मी कॅथलिक आहे, पण पोपच्या हुकमाने देश चालवणार नाही. २०२३ मध्ये आयोवात त्याच पदासाठी रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या विवेक रामस्वामींना हिंदू असण्याबद्दल तसाच जबाब द्यावा लागला. केनेडी निवडून आले. कॅथलिकांचा प्रश्न बहुतेक मिटला, आपला अजून चालू आहे.

आणि तो मिटायला किती वेळ लागला, ते तुम्ही येताय त्याच शहरात दिसेल. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात शाळेत कोणतं बायबल वाचायचं यावरून दंगली झाल्या. प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल आमच्या मुलांवर लादू नका, एवढंच कॅथलिक म्हणत होते. कॅथलिकांची दोन चर्चं जाळली, माणसं मेली. त्यातलं सेंट ऑगस्टिन पुन्हा बांधलं, जुन्या शहरात फोर्थ स्ट्रीटवर आजही उभं आहे. मी कोणी पाहुणे आले की लिबर्टी बेल दाखवून झाल्यावर तिथे नेते. त्याच शहरात चाळीस वर्षांनी आपली आनंदीबाई जोशी शिकली. 'हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन' असं १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) सभेत सांगून निघालेली अठरा वर्षांची मुलगी. तिला घरात घेणाऱ्या कार्पेंटरबाई ख्रिस्ती होत्या. ती १८८७ मध्ये पुण्यात वारली तेव्हा तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सीला पाठवल्या गेल्या आणि कार्पेंटर कुटुंबाने त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या. धर्म बदल, असं म्हणत तिच्या मागे लागलेले मिशनरीही ख्रिस्तीच होते, हे विसरू नका. कार्पेंटरबाईंनाही विसरू नका.

आता मुलीच्या शाळेचं. रोज सकाळी वर्गात मुलं उभी राहतात, उजवा हात छातीवर ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतात. त्यात 'अंडर गॉड' असे शब्द आहेत. ते मुळात नव्हते, कम्युनिस्टांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला १९५४ मध्ये घातले. तुमच्या मुलीने ती म्हणावी की नाही, हे तुम्ही आणि ती ठरवा. शाळा सक्ती करू शकत नाही, आणि तो हक्क पेनसिल्व्हेनियातल्याच दोन मुलांपासून सुरू झाला म्हणून जरा सविस्तर सांगते.

मायनर्सव्हिल हे इथून दोनेक तासांवरचं कोळशाच्या खाणींचं गाव. १९३५ मध्ये लिलियन आणि विल्यम गोबायटस, बारा आणि दहा वर्षांची भावंडं, झेंड्याला सलामी देईनात. घरचे 'जेहोवाज विटनेस' पंथाचे, देवाशिवाय कशापुढे नमायचं नाही ही त्यांची श्रद्धा. तेव्हाची सलामीही हात समोर ताणून द्यायची होती, आणि त्यांच्याच पंथाची माणसं जर्मनीत हिटलरला तशी सलामी देत नाहीत म्हणून तुरुंगात जात होती. शाळेने दोघांना काढून टाकलं. १९४० मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मताने शाळेची बाजू घेतली. मग गावोगाव त्या पंथाच्या लोकांना मारहाण सुरू झाली, मेनमधल्या केनेबंकला त्यांचं प्रार्थनागृह जाळलं. देशभक्ती शिकवायला निघालेल्या जमावाने हे केलं. आणि मग, महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ मध्ये त्याच कोर्टाने आपलाच निकाल फिरवला. सहा विरुद्ध तीन. राजकारणात, राष्ट्रवादात, धर्मात काय योग्य मानायचं हे कुठलाही लहानमोठा अधिकारी ठरवू शकत नाही, असं न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं. चुकलो हे म्हणायला त्या कोर्टाला तीनच वर्षं लागली, याचा मला आजही आदर वाटतो. माझ्या मुलीच्या वर्गात त्या पंथाची एक मुलगी होती. एकदा बदली शिक्षिकेने तिला बसून राहिली म्हणून सगळ्यांसमोर झापलं. माझी लेक घरी येऊन रडली, आणि मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटून १९४३ चा निकाल सांगितला. त्यांना तो माहीत होता. त्या मुलीच्या आईची त्यांनी माफी मागितली.

शेवटचं सांगते, हे आपल्या माणसांबद्दल आहे. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये दिवाळीला राज्यात अधिकृत मान्यता दिली, पण शाळेची सुट्टी प्रत्येक ठिकाणचं स्कूल बोर्ड ठरवतं. आमच्याकडे सुट्टीसाठी आम्ही दोन वर्षं भांडलो. सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. माझी झाल्यावर एक गृहस्थ उठून म्हणाले, "तुमच्या देशात ख्रिसमसची सुट्टी असते का?" उत्तर 'नाही' येणार अशी त्यांची खात्री होती. मी म्हटलं, असते, पंचवीस डिसेंबरला, आणि गुड फ्रायडेचीही असते. ते खाली बसले. सभा संपल्यावर जवळ येऊन म्हणाले, "मला माहीत नव्हतं." एवढंच. पण ते आले.

आम्हाला सुट्टी मिळाली. त्याच सभेत हिजाब घातलेली एक आई उठली आणि ईदचंही बघा म्हणाली. माझ्या मागच्या रांगेतून मराठीत आणि हिंदीत जे शब्द आले, ते मी इथे लिहीत नाही. आत्ताच टाळ्या वाजवणारी माणसं होती ती, माझ्या घरी गणपतीला जेवलेली. २०२२ मध्ये न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये भारताच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत आपल्या लोकांनी बुलडोझर आणला होता. कोणाची घरं पाडल्याची ती खूण, हे तिथल्या प्रत्येक भारतीय मुसलमानाला कळत होतं. आयोजकांनी नंतर माफी मागितली. तेव्हा मला वाटलं होतं, ती दुसऱ्या गावची माणसं. त्या संध्याकाळी ती माझ्या पाठीमागे बसली होती. मी मागे वळून काही बोलले नाही, आणि ते मला अजून खुपतं. जर्सी सिटीत आपल्यावर जे गुदरलं ते सोसलेल्या समाजाने हे करावं, याला माझ्याकडे शब्द नाहीत.

तेव्हा टिकलीची पाकिटं भरपूर आणा, इथे महाग मिळतात. देवघर थाटा. आसपासच्या लोकांना दिवाळीचा फराळ द्या, आणि त्यांनी ईस्टरला बोलावलं तर जा. निवडणुकीच्या दिवसांत पार्किंग लॉटमध्ये कोणी काही बोललं तर वाद घालू नका, गाडीत बसा, गाडीचा नंबर लिहून घ्या आणि पोलिसांना कळवा, ते नोंद करतात. मुलीला कुंकू-टिकलीवरून वर्गात कोणी चिडवलं तर बाईंना लगेच ईमेल करा, चार दिवस थांबू नका.

ईदचा विषय अजून बोर्डापुढे आहे. पुढची सभा मंगळवारी संध्याकाळी सातला आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत या वेळी मी माझं नाव घातलंय, त्या बाईच्या नावाच्या खाली.