पुरणपोळीचा मुक्काम

प्रश्न : माझं वय 63. होळीला दुपारी एक वाजता तुपाची धार सोडलेल्या दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तर रात्री आठपर्यंत भूक म्हणून नाही. एरवी भाकरी-पालेभाजी चार-पाचपर्यंत जिरते. जठराग्नी मंदावला असेल का? शिवाय सातवीतला नातू विचारतो, पोटातलं आम्ल मटण विरघळवतं, तर मग पोट कसं विरघळत नाही?
– एक वाचक, वाई

उत्तर : आधी नातवाला शाबासकी द्या. आणि तुमचा अग्नी ठीक आहे, तूप आडवं आलंय.

दवाखान्यात कुणालाही जठर कुठंय विचारलं की हात बेंबीवर जातो. ते बरंच वर, डाव्या फासळ्यांच्या आड असतं. रिकामं असताना आक्रसलेलं, जेवताना सैल होत लिटर-दीड लिटर सामावून घेणारं. मग मिनिटाला साधारण तीनदा आवळत ते घास घुसळत बसतं. अगदी बारीक झालेला लगदाच खालच्या झडपेतून आतड्यात जातो, तोही थोडा थोडा. तूप आतड्यात पोचलं की तिथून रक्तात एक संप्रेरक सुटतं आणि जठराचा वेग कमी होतो. पंगतीत ताट भरलेलं असताना आपण वाढप्यापुढं हात आडवा धरतो ना, तसंच.

आता अग्नीचं. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला चुकून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण डाव्या छातीखालचं भोक बुजलंच नाही. त्यातून थेट जठर दिसे. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी 1825 मध्ये रेशमी दोऱ्याला मांस, शिळा पाव, कच्ची कोबी बांधून आत सोडली. तासाभरानं दोरा ओढला, तर पाव आणि कोबी निम्मी गायब, मांस जसंच्या तसं! पुढं त्यांनी जठररस बाटलीत काढून अंगाइतका कोमट ठेवला. त्यात मांस विरघळलं, फक्त पोटातल्यापेक्षा सावकाश. म्हणजे आग नाही, रस. (बिचाऱ्या अलेक्सिसला या प्रयोगांचा कंटाळा यायचा, आणि तो चिडला की पचनही बिघडायचं, हेही डॉक्टरांनी टिपून ठेवलंय.)

नातवाला सांगा, जठराला आतून घट्ट, बुळबुळीत थर असतो. भेंडी चिरताना बोटांना लागतं तसं काहीतरी डोळ्यापुढं आणा. या थरात आम्ल मारणारा क्षार मिसळलेला असतो. आतलं अस्तरही दर काही दिवसांनी नवं येतं. मांस पचवणारं पेप्सिन तर पेशीतून निष्क्रिय रूपातच बाहेर पडतं, आम्लात आल्यावर जागं होतं.

हा थर पातळ करणाऱ्यांत एक नेहमीचा गुन्हेगार म्हणजे गुडघेदुखीची गोळी. तुमच्या वयाच्या बऱ्याच जणी ती दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेतात. तुम्ही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. शी डांबरासारखी काळी, चिकट झाली किंवा दोन घासांतच पोट भरायला लागलं, वजन उतरलं, तर थांबू नका, लगेच दाखवा. होळीची दुपार जड गेली, एवढ्यासाठी मात्र दवाखान्याची पायरी चढायची गरज नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या पोळीवर तूप जरा कमी घ्या.