नाताळाला घरी गेलं की मी वेगळीच का होते?

“पुण्यात मी शांत असते. बँकेत गिऱ्हाईक चिडलं की मलाच पुढे करतात. पण नाताळाला वसईला गेले की दुसऱ्याच दिवशी डोकं उठतं, नवऱ्यावर खेकसते, रात्री बाथरूमचा नळ सोडून रडते. मग यातली खरी मी कोणती?”

गणपती, दिवाळी, नाताळ, सण कुठलाही असो, घरी जायच्या आधी महिना-दीड महिना हा प्रश्न घेऊन माणसं समुपदेशकाकडे येतात. इथली केस कुणा एकीची नाही, अनेकींच्या बोलण्यातून ती जुळवली आहे. वय ३८, नोकरी पुण्यात, माहेर वसईतल्या एका वाडीत. वडील वारलेले, घरी आई, दादा, वहिनी आणि त्यांची मुलं.

“खरी मी कोणती” हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवावा लागतो. तो सोडवायला बसलं की माणूस स्वतःला नुसतं खरवडत राहतं. त्याऐवजी विचारायचं, बदल नेमका कधी होतो? “घरी गेल्यावर” हे उत्तर चालत नाही. दिवस, वेळ, जागा, कोण काय बोललं, अंगात काय झालं, इतकं बारीक हवं. दुसऱ्या भेटीत ते हाती लागलं.

२३ डिसेंबरची दुपार, करंज्यांचा घाट. आई पाऱ्या लाटतेय, वहिनी सारण भरतेय, ही कातणाने कडा कापतेय. सारण जरा ओलं राहिलंय. अशी करंजी तेलात फुटते, हे तिघींनाही ठाऊक. आई मान वर न करता हिला म्हणते, “तुझ्या वहिनीला सांग, सारण अजून परतायला हवं होतं.” वहिनी हातभर अंतरावर बसलेली! आणि ही खरंच तिच्याकडे वळते, शब्द मऊ करते, “वहिनी, थोडं परतून घेऊया का?” तासाभराने वहिनी हिला मागच्या दारी गाठते, “ताई, आईंना तुम्हीच सांगा, माझं काही पटत नाही त्यांना.” त्या क्षणी मान गरम होते, जबडा आवळतो. रात्रीपर्यंत असे सात-आठ निरोप पोचवून झालेले असतात. मग खेकसणं नवऱ्याच्या वाट्याला येतं, कारण तो एकटाच या निरोपांच्या बाहेर आहे.

पुढचं काम मोठ्या कागदावर. तीन पिढ्या मांडायच्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर फुली. जवळीक असेल तिथे दोन समांतर रेघा, भांडण असेल तिथे करवतीच्या दात्यांसारखी रेघ, दुरावा असेल तिथे तुटक. पाऊण तास पुरतो. रेघा ओढताना एकच प्रश्न धरून ठेवायचा, कोण कुणाशी थेट बोलत नव्हतं? आई-वडिलांचा अबोला आठवडाभर चालायचा. “पप्पांना सांग, जेवण वाढलंय” हे काम आठ वर्षांच्या मुलीकडे. आणखी एक पिढी वर गेल्यावर दिसलं, की आजीसुद्धा सुनेशी मुलामार्फतच बोलायची. म्हणजे आईनेही या घरात तोंडावर बोलणं कधी पाहिलेलं नव्हतं.

त्या मुलीने तेव्हा काय शिकून घेतलं? चेहरा वाचायचा, वेळ साधायची, टोचणारा शब्द बदलून पुढे द्यायचा. बँकेत तिला याच गुणासाठी वाखाणतात. पण तिथे संध्याकाळी शटर पडतं, आणि चिडलेलं गिऱ्हाईक आपली आई नसतं. पुण्यातली समजूतदार बाई आणि वसईतली चिडकी मुलगी, दोघी एकाच स्वयंपाकघरात घडल्या. एकीला खरी ठरवून दुसरीला हाकलायचं म्हटलं तर जमणार नाही, आणि ते करूही नये.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५४ ते १९५९ या काळात अख्खी कुटुंबं रुग्णालयात राहायला आणून त्यांचा अभ्यास केला. दोघांमधला ताण असह्य झाला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात, हा त्रिकोण त्यांनी नीट मांडला. त्यांच्या म्हणण्याचा उपयोगी भाग असा, की घर सोडून गेल्याने त्रिकोण सुटत नाही. दोन्ही टोकांशी नातं ठेवायचं, पण त्यांच्यातला ताण आपण वाहायचा नाही.

हे जमायला सराव लागतो. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार हाताशी होते. दर रविवारी आईला पंधरा मिनिटं फोन, मग वहिनीला वेगळा फोन, तेवढाच. अट एकच, समोर नसलेल्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचं नाही. आई वहिनीवर घसरली की, “ते तुम्ही दोघी बघा. तुझा गुडघा कसा आहे?” पहिल्या रविवारी हे जमत नाही, कुणालाच जमत नाही. तिसऱ्या फोनपर्यंत जीभ वळते.

करंज्यांच्या दुपारसाठी एकच वाक्य ठरलं, “आई, ती इथेच आहे, तिलाच सांग.” वाक्य साधं, पण सुरुवातीला ते टोमण्यासारखंच निघतं. म्हणून भेटीत ते मोठ्याने म्हणायचं, आवाजातली धार जाईपर्यंत. म्हणताना हातातलं काम थांबवायचं नाही, कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, आधी एक लांब श्वास सोडायचा. कारण द्यायचं नाही. कारण दिलं की वाद सुरू, आणि वादात आई हरत नसते.

झोपेचाही हिशेब धरावा लागतो. २३ ला उशिरापर्यंत तळण, २४ ला चर्चमध्ये मध्यरात्रीची मिस्सा, २५ ला दिवसभर पाहुणे. झोप चार तासांवर आली की ठरवलेलं विसरतं आणि जुनी सवय आधी उठते. म्हणून २४ च्या दुपारी दोन तास दार लावून झोपायचं, हेही ठरवून घेतलं.

फसतं कुठे? नाताळाच्या जेवणावर सगळ्यांना बसवून “मला काही बोलायचंय” म्हणण्यात. आदल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकण्यात. वडिलांच्या वेळचे जुने हिशेब काढण्यात. आणि सगळ्यात जास्त, पहिल्या प्रतिक्रियेला घाबरून माघार घेण्यात. ती प्रतिक्रिया येणारच, “मोठी साहेबीण झालीस, आता आईला शिकव.” मग अबोला. मग दादा, “आईला काय बोललीस?” घरातली एक खुर्ची हलली की बाकीचे ती परत जागेवर ढकलतात. त्यावर उत्तर तेच वाक्य, तेवढंच. शिवाय त्याच दिवशी आईजवळ वीस मिनिटं बसायचं, तिच्या लग्नाआधीच्या नाताळाबद्दल विचारायचं. हे वगळलं तर आईच्या लेखी मुलगी फक्त दूर गेलेली असते.

घरात मारहाण, लैंगिक छळ किंवा दारू पिऊन धिंगाणा असेल, तर यातलं काहीही करू नये. तिथे आधी सुरक्षितता, आणि सणाला न जाणं हाही योग्य निर्णय असतो. सण संपून दोन आठवडे झाले तरी मन उतरलेलंच राहिलं, झोप आणि भूक बिघडलेलीच असली, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

जानेवारीतल्या भेटीत कळलं ते असं. वाक्य दोनदा म्हणून झालं, तिसऱ्या वेळी नकळत निरोप पोचवला गेला. आई अर्धा दिवस फुगून बसली. २६ तारखेला आई आणि वहिनी पहिल्यांदा समोरासमोर भांडल्या, फ्रिजमधल्या इंद्यालच्या (मसालेदार मांसाच्या) भांड्यावरून, चांगल्या आवाज चढवून. हिच्या पोटात गोळा आला, तरी ती मध्ये न पडता मुलांना घेऊन वाडीत गेली. परतली तेव्हा दोघी अजून बोलत होत्या, रागातच, पण एकमेकींशी. डोकं त्या रात्रीही दुखलंच. नवऱ्यावर मात्र ती खेकसली नाही.

दादा आता फोन उचलत नाही; आईला बिघडवलंस म्हणतो. वर्षानुवर्षं गप्प बसून त्याचं भागत होतं, कारण बोलण्याचं काम बहीण करत होती. त्याच्यासाठी वाक्य वेगळं लागेल. ते उपवासकाळात तयार करायचं आणि ईस्टरला घरी गेल्यावर वापरायचं, असं ठरलंय.