फोन तोच, मग बटणं कुठे गेली?

अपडेटनंतर फोन ओळखीचा वाटेनासा झाला, अशा प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. मेनूची नावं फोन इंग्रजीत आहे असं धरून दिली आहेत. फोनची भाषा मराठी असेल तर नावं बदलतील, जागा त्याच राहतील.

प्रश्न : आईच्या अँड्रॉइड फोनवर कॉल घ्यायची पद्धत एका सकाळी अचानक बदलली. ती हिरवं चिन्ह वर सरकवत राहते आणि रिंग वाजून बंद होते. फोनला कोणताही अपडेट दिलेला नव्हता. माझ्याकडे त्याच मॉडेलचा फोन आहे, त्यात मात्र सगळं जुनंच आहे. व्हायरस असेल का? (कराड)

व्हायरस नाही. मोटोरोला, रिअलमी, वनप्लस, शाओमी यांच्या बऱ्याच फोनांत कॉलसाठी कंपनीचं नव्हे, गूगलचं 'फोन' हे ॲप असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात असंख्य लोकांच्या फोनवर त्याचा चेहरामोहरा बदलला. सिस्टीम अपडेट आणि ॲपचा अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टीमचा अपडेट तुम्हाला विचारून होतो, ॲपचा प्ले स्टोअर परस्पर उरकून टाकतं. त्यातही नवी मांडणी ॲपमध्ये आधीच येऊन पडलेली असते आणि गूगल ती आपल्या सर्व्हरवरून टप्प्याटप्प्याने सुरू करतं. म्हणून एकाच घरातले, एकाच मॉडेलचे दोन फोन काही दिवस वेगळे दिसतात.

आईसाठी आधी एवढंच करा. फोन ॲप उघडा, वर शोधण्याच्या पट्टीतल्या तीन रेघांवर टॅप करा, सेटिंग्जमध्ये जा आणि 'इनकमिंग कॉल जेश्चर' निवडा. तिथे दोन पर्याय आहेत. 'हॉरिझॉन्टल स्वाइप'मध्ये उजवीकडे सरकवलं की कॉल घेतला जातो, डावीकडे सरकवलं की कापला जातो. 'सिंगल टॅप'मध्ये सरकवणं नाही, दोन बटणं दिसतात आणि हवं ते दाबायचं. आडवं सरकवणं आणलं ते खिशातून फोन काढताना कॉल चुकून घेतला किंवा कापला जाऊ नये म्हणून. पण बोटं कोरडी असतील किंवा हात थरथरत असेल तर सरकवणं अर्ध्यात सुटतं, म्हणून ज्येष्ठांना 'सिंगल टॅप'च लावून द्या. मग दुसऱ्या फोनवरून दोन-तीनदा कॉल करून त्यांच्याकडून सराव करून घ्या. नुसतं सांगून उपयोग होत नाही, बोटाला जुनी सवय असते.

'फेव्हरिट्स' आणि 'रिसेंट्स' गेले असं वाटतं, पण ते दोन्ही 'होम'मध्ये एकत्र केले आहेत. आवडते नंबर वर, खाली कॉलची यादी. कॉन्टॅक्ट्स तीन रेघांच्या मेनूत सापडतील.

तरीही जुनंच हवं असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग फोन, तिथे वरच्या तीन टिंबांवर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. फोन विकत घेतला तेव्हाची आवृत्ती परत येते. 'सगळा डेटा जाईल' अशी सूचना दिसते, त्याने घाबरू नका. कॉन्टॅक्ट्स आणि कॉलची यादी या ॲपच्या बाहेर साठवलेली असते, ती राहते. ॲपमधल्या सेटिंग्ज मात्र पुसल्या जातात. कॉल रेकॉर्डिंग असतील तर ती आधी दुसरीकडे पाठवून ठेवा. त्यानंतर प्ले स्टोअरमध्ये या ॲपच्या पानावर तीन टिंबांखालची 'एनेबल ऑटो अपडेट'ची खूण काढा. ही पायरी विसरली की नवी मांडणी पुन्हा हजर. आमचं मत विचाराल तर हा मार्ग तात्पुरताच धरा, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच अपडेटमधून येतात.

प्रश्न : सॅमसंगवर वन यूआय ७ हा सिस्टीमचा अपडेट घेतल्यापासून वरून खाली ओढलं की फक्त नोटिफिकेशन दिसतात. वाय-फाय, टॉर्चची बटणं गायब आहेत. (वसई)

गायब नाहीत, वेगळी केली आहेत. स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून ओढलं तर बटणं, बाकी कुठूनही ओढलं तर नोटिफिकेशन. दोन्ही पूर्वीसारखी एकत्र हवी असतील तर उजव्या कोपऱ्यातून ओढा, पेन्सिलच्या चिन्हावर टॅप करा, 'पॅनेल सेटिंग्ज' उघडा आणि 'टुगेदर' निवडा.

याच अपडेटनंतर 'लॉक स्क्रीनवर व्हॉट्सॲपचे मेसेज दिसत नाहीत' अशीही तक्रार असते. मेसेज येतात, पण नुसतं बारीक चिन्ह दिसतं. सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, 'लॉक स्क्रीन नोटिफिकेशन्स' इथे 'आयकॉन्स'ऐवजी 'कार्ड्स' करा.

प्रश्न : पॉवरचं बटण दाबून धरलं की गूगलचा एआय सहाय्यक जेमिनाय 'बोला' म्हणून उभा राहतो. फोन बंद कसा करायचा? (नांदेड)

सॅमसंगवर बाजूचं बटण आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र दाबून धरा. दोन्ही दाबून लगेच सोडलीत तर बंद न होता स्क्रीनशॉट निघतो, गोंधळ इथेच होतो. कायमचा बदल हवा असेल तर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड फीचर्स, साइड बटण, आणि दाबून धरण्याच्या पर्यायात 'पॉवर ऑफ मेनू'. गूगलच्या पिक्सेल फोनवर हाच पर्याय सिस्टीम आणि जेश्चर्सखाली आहे. इतर फोनांत जागा थोडी वेगळी असते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'पॉवर बटण' इंग्रजीत टाइप करून पाहा.

प्रश्न : आयफोनवर आयओएस २६ नंतर आवडते नंबर, कॉल आणि व्हॉइसमेल एकाच पानावर आले. वेगळे करता येतील? (पणजी)

हो. फोन ॲपमध्ये 'कॉल्स'च्या पानावर उजव्या वरच्या कोपऱ्यात फिल्टरचं चिन्ह आहे, त्यात 'क्लासिक' निवडा.

प्रश्न : दुकानदार पैसे घेऊन जुनं अँड्रॉइड परत टाकून देतो म्हणतो. टाकून घ्यावं का? (सोलापूर)

नको. जुनी आवृत्ती टाकताना फोन बहुधा पूर्ण पुसावा लागतो. शिवाय सॅमसंगसारख्या फोनांत मागे न जाण्याचं कुलूपच असतं. सेटिंग्ज, अबाउट फोन, सॉफ्टवेअर इन्फर्मेशन इथला 'बिल्ड नंबर' पाहा. शेवटून पाचवं अक्षर किंवा अंक म्हणजे बूटलोडरची, म्हणजे फोन सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रामची पायरी. ती ५ असेल तर ४ पायरीचं सॉफ्टवेअर फोन घेतच नाही. ही पायरी एकदा चढली की दुकानदाराच्या हातातही काही उरत नाही.