आधी विचारून घे, मग भरती कर

प्रिय बाबू,

परवा तू सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं कार्ड माझ्या टेबलावर आपटलंस. "सर, हे काही कामाचं नाही, डॉक्टरनं पैसे घेतलेच," एवढं बोलून गाडीला किक मारून निघूनही गेलास. म्हणून हे लिहितो.

बाबांच्या छातीत दुखलं, तू त्यांना तालुक्याला खाजगी दवाखान्यात नेलंस. फी, ईसीजी, रक्ताची तपासणी, गोळ्या, सगळे मिळून 1,700 रुपये गेले. कार्ड दाखवलं तर कंपाउंडर हसला. हसायला नको होतं त्यानं, पण त्याचं म्हणणं खरं होतं. महात्मा फुले योजना भरती झालेल्या पेशंटसाठी आहे: ऑपरेशन, आयसीयू, डायलिसिस, कॅन्सरचा इलाज. डॉक्टरला दाखवून घरी येण्याचा खर्च त्यात बसत नाही. पीकविम्यातून निंदणाची मजुरी कोणी मागतं काय?

आणि ते पैसेही बरेचसे वाचले असते. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, पीएचसीपासून (गावाकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र) जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर फुकट आणि तपासण्याही फुकट. (यवतमाळचं मेडिकल कॉलेज वेगळ्या खात्याचं, तिथला हिशोब वेगळा.) तिथे डॉक्टर नसतो म्हणशील. कधी कधी नसतो, मान्य. पण ग्रामीण रुग्णालयात आज ईसीजी निघतो का, हा एक फोन तू केलास? नाही केलास. आपली माणसं विचारत नाहीत, याचाच मला राग येतो.

2014 च्या एप्रिलमध्ये मी निवडणुकीच्या ड्युटीवर होतो. मागे माझ्या थोरल्या भावाला अटॅक आला. पोरांनी त्याला रात्रीच नागपूरला नेलं. काउंटरवर डिपॉझिट मागितलं, पोरांनी भरलं. त्याआधीच्या नोव्हेंबरात जीवनदायी योजना (आताच्या फुले योजनेचंच जुनं नाव) अख्ख्या राज्यात लागू झाली होती, केशरी रेशन कार्ड घरात फडताळात पडलेलं होतं. दवाखाना योजनेच्या यादीतला होता. काउंटरवाल्यानं सांगितलं नाही, पोरांनी विचारलं नाही. मी पोचलो तोवर स्टेंट बसला होता आणि बिल निघालं होतं. "कॅशमध्ये ॲडमिशन झालं, आता योजनेत घेता येत नाही." दोन एकर सावकाराकडे गेलं. भाऊ वाचला, पण त्या शेतात पराटी लावायला तो पुन्हा कधी गेला नाही, कारण ते शेत त्याचं राहिलं नव्हतं.

तेव्हापासून गावातलं कोणीही भरती व्हायचं असलं की मी सोबत जातो आणि पैसे काढायच्या आधी विचारतो. नातेवाईक चिडतात, मास्तर पेशंट सोडून कागद काय पाहत बसले म्हणतात. चिडू दे. पेशंटला आत न्यायला चार माणसं असतात, विचारायला एकही नसतो.

तर ऐक. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे पेशंटला मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. तिथे दोन गोष्टी विचार: हा दवाखाना योजनेत आहे का, आणि हा आजार याच दवाखान्यात योजनेत बसतो का. दुसरा प्रश्न लोक विसरतात. हाडांसाठी यादीत असलेला दवाखाना हृदयासाठी असेलच असं नाही. तातडीचं असेल तर फोनवर मंजुरी घेऊन इलाज सुरू होतो, कागद मागाहून दिले तरी चालतात. पण ते आधी बोलावं लागतं. 155388 हा योजनेचा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेव. 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही. आजी सत्तरीच्या वर आहे, तिचं वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड) वेगळं निघतं. आणि आईचं नाव आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं, हे मी स्वतः पाहिलंय. ते आजच दुरुस्त करायला टाक, भरतीच्या रात्री नाही होत ते.

आता खाजगी आरोग्य विम्याच्या पॉलिसीचं. तू, तुझी बायको आणि पोरगी यांच्यासाठी घे, योजनेत न बसणारे आजार असतातच. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा जीएसटीही गेलाय. पण तिथेही विचार: पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, जुन्या आजाराला जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं, खोलीच्या भाड्याला मर्यादा असली तर बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात. बाबांचं नाव घालायचं तर एजंट म्हणाला, शुगर लिहू नका. अरे, लिही! लपवलेली शुगर नेमकी क्लेमच्या दिवशी केसपेपरवर निघते, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही. बाबांचा हप्ता झेपत नसेल तर त्यांच्यासाठी योजना आहे, त्यापायी बैल विकू नको.

हप्त्याची तारीख कापूस विकल्यानंतरची ठेव, जूनमधली नको. पेरणीच्या तोंडावर कोणाच्या हातात पैसा असतो? आपल्या शेजारी सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यानं हे फार आधी ओळखलं. गावोगावच्या लोकांकडून सुगीत, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी घ्यायचे आणि त्यावर वर्षभर स्वस्तात इलाज द्यायचे.

बाबांची बीपीची गोळी संपून आठवडा झाला असं तुझी आई सांगत होती. ती पीएचसीत मिळते. हे पत्र ठेव आणि आधी ती आणून दे. दाखवायला त्यांनाही सोबत ने.

तुझा,
मास्तर