जुना लॅपटॉप वारंवार बंद पडतो आणि फॉरमॅट करूनही फरक पडत नाही. दोष कसा शोधावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: २०१४ साली घेतलेला, चौथ्या पिढीच्या इंटेल आय-५ प्रोसेसरचा लॅपटॉप, मूळच्या ४ जीबी रॅमला नंतर जोडलेली आणखी ४ जीबी, पहिल्यापासूनची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. तो काम चालू असताना कधी निळा पडदा दाखवून पुन्हा सुरू होतो, तर कधी काहीच न दाखवता बंद पडतो. दुकानातून दोनदा फॉरमॅट करून आणला, तरी तक्रार कायम आहे. आता तिसऱ्यांदा फॉरमॅट करावा की नवीनच घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते आज यांपैकी काहीच करू नये. विंडोज दोनदा नव्याने टाकूनही तक्रार राहिली, याचा अर्थ दोष बहुधा हार्डवेअरमध्ये आहे, किंवा प्रत्येक वेळी पुन्हा बसवल्या जाणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअरचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) आहे. तिसऱ्या फॉरमॅटने तो जाणार तर नाहीच, उलट तो शोधण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील. यंत्र उघडून न पाहता, एकही नोंद न वाचता फॉरमॅट सुचवण्याची जी पद्धत सर्रास रूढ झाली आहे, तिच्यामुळे लोकांचे पैसे जातात आणि चांगली यंत्रे भंगारात जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तपासाला हात घालण्यापूर्वी मात्र फोटो, कागदपत्रे, जे काही गमावणे तुम्हाला परवडणार नाही ते सर्व बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. दहा वर्षांहून अधिक काळ वापरात असलेली हार्ड डिस्क कोणत्याही दिवशी बंद पडू शकते, आणि काही चाचण्यांमुळे तिच्यावरचा ताण आणखी वाढतो. विंडोजमधील ‘चेक डिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या सोयीची सखोल तपासणी सर्वांत आधी चालवा, असा सल्ला अनेक जण देतात, पण डिस्क खरोखरच बिघडत चालली असेल, तर ती तपासणी तासन्‌तास चालते आणि त्या ताणाने डिस्क कायमची निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून आधी कॉपी आणि मगच तपासणी, हा क्रम पाळावा.

यानंतर लॅपटॉप नेमका कसा बंद पडतो, हे काही दिवस लक्षपूर्वक पाहावे लागेल. निळा पडदा येतो तेव्हा विंडोजला बिघाड कळलेला असतो आणि तिने स्वतःच काम थांबवलेले असते. दिवे जावेत तसा पडदा एकाएकी काळा होतो तेव्हा विंडोजला काही कळण्याच्या आतच वीज तुटलेली असते, आणि अशा वेळी संशय उष्णता, अ‍ॅडॉप्टर, बॅटरी किंवा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य सर्किट बोर्ड) यांच्यावर जातो. तिसऱ्या प्रकारात चित्र जागच्या जागी गोठते, माउस हलत नाही, चालू असलेला आवाज एकाच सुरावर अडकतो. त्यामागे बहुधा डिस्क, ग्राफिक्स (पडद्यावर चित्र आणणारी चिप) किंवा रॅम असते. तुमच्याकडे पहिले दोन्ही प्रकार होत आहेत, म्हणजे कारणेही दोन असण्याची शक्यता आहे, आणि एक दूर झाल्यावर दुसरे शिल्लक राहिले तर निराश होण्याचे कारण नाही.

निळा पडदा वाचायला वेळ मिळावा म्हणून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ येथे जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढा. मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ हा घडामोडींच्या नोंदी दाखवणारा विंडोजमधलाच प्रोग्रॅम उघडून सिस्टिमच्या नोंदी पाहा. तेथे ‘कर्नल-पॉवर’ या नावाची, ४१ क्रमांकाची नोंद हमखास दिसेल, आणि ती पाहून पॉवर सप्लाय बिघडल्याचा निष्कर्ष अनेक जण घाईने काढतात. ही नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. उपयोगाचा भाग तिच्या ‘डिटेल्स’मध्ये असतो: तेथे ‘बगचेक कोड’ (निळ्या पडद्याच्या कारणाचा क्रमांक) शून्य असेल तर निळ्या पडद्याची नोंद झालेली नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र पूर्ण गोठले, शून्याखेरीज आकडा असेल तर निळा पडदा आला होता.

निळ्या पडद्यांच्या नोंदी विंडोजच्या फोल्डरमधील ‘मिनीडंप’ या फोल्डरमध्ये साठतात आणि ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या एकत्र पाहता येतात. त्यात एखाद्या ड्रायव्हरच्या फाइलचे तेच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर त्या ड्रायव्हरकडे लक्ष द्या. विंडोजच्या गाभ्याची फाइल, ‘एनटीओएस-कर्नल’, मात्र जवळजवळ प्रत्येक नोंदीत दिसते. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक वेळी वेगळाच कोड येत असेल, आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, परवा तिसराच, तर मी सर्वांत आधी रॅम तपासतो. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ डिस्ककडे बोट दाखवते, ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ ग्राफिक्सकडे, तर ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे बिघाडाची तक्रार खुद्द हार्डवेअरनेच केलेली असते. निळा पडदा येऊनही मिनीडंपमध्ये फाइल तयार होत नसेल, तर लिहिण्याच्या वेळी डिस्कच उपलब्ध नव्हती काय, हा प्रश्न विचारावा.

अचानक काळा होणाऱ्या पडद्यासाठी आधी उष्णता पाहा. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखा प्रोग्रॅम चालू ठेवून नेहमीचे काम करा आणि तापमानाची नोंद फाइलमध्ये साठवण्याची सोय सुरू ठेवा, म्हणजे बंद पडण्याच्या आधीचे शेवटचे आकडे नंतर वाचता येतील. तुमच्या प्रोसेसरच्या पिढीतील बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही तापमान चढत राहिले तर जळू नये म्हणून यंत्र तडकाफडकी बंद होते. साधे ब्राउझिंग करतानाच ९० च्या वर आकडे जात असतील, तर आतली हवा खेळत नाही असे समजावे. जुन्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये धूळ व कापसाच्या तंतूंचा जाड थर बसतो, जो बाहेरून मुळीच दिसत नाही. त्यामुळे बाहेरून फुंकर मारून किंवा ब्लोअर लावून भागत नाही, पंखा काढून तो थर हाताने उचलावा लागतो. त्याच वेळी प्रोसेसरवरची वाळून भुकटी झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे पोहोचवणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. ब्लोअर वापरलाच तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, कारण हवेच्या झोताने ती अतिवेगाने फिरल्यास पंख्याचे बेअरिंग खराब होते. हे काम घरी करण्याची सवय नसेल तर दुकानातून करून घ्या, पण आपल्यासमोर करायला सांगा आणि निघालेली धूळ पाहा.

तापमान ठीक असेल तर विजेकडे वळा. तुमच्या मॉडेलची बॅटरी बाहेर निघत असेल तर ती काढून केवळ अ‍ॅडॉप्टरवर काम करून पाहा, आणि नंतर अ‍ॅडॉप्टर काढून केवळ बॅटरीवर. फक्त एकाच स्थितीत बंद पडत असेल तर उत्तर जवळपास मिळालेच. अ‍ॅडॉप्टर मूळचा नसेल तर त्यावरचे व्होल्ट आणि वॅट लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहा; ९० वॅटच्या यंत्राला ६५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर हलक्या कामात पुरतो आणि ताण आला की कमी पडतो. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ नीट टेकत नसेल, तर ती लगेच वापरातून काढा, दाबू किंवा टोचू नका, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

तुमच्या प्रश्नातील ज्या तपशिलाने माझे सर्वाधिक लक्ष वेधले, तो म्हणजे नंतर जोडलेली रॅम. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल रॅम लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ दिसायला तशीच असते आणि त्याच खाचेत बसतेही. ती लावल्यावर काही यंत्रे सुरूच होत नाहीत, तर काही सुरू होऊन अधूनमधून कोसळतात. नव्या पट्टीच्या लेबलवर ‘पीसी३’पुढे ‘एल’ हे रोमन अक्षर आहे का, ते पाहा. अक्षर असो वा नसो, ती पट्टी काढून काही दिवस फक्त मूळच्या ४ जीबीवर काम करा. यंत्र संथ होईल, पण कोसळणे थांबले तर गुन्हेगार सापडला. कोकणासारख्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी संपर्कांवर पातळ थर चढतो, आणि ते पुसून पट्टी पुन्हा घट्ट बसवल्यावर तक्रार संपल्याचे मी पाहिले आहे. खात्रीसाठी ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. त्यात एकही चूक दिसली तरी ती रॅम नापास समजावी. ‘एखादी चूक चालते’ असे या चाचणीत नसते.

डिस्कसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा तिची प्रकृती दाखवणारा प्रोग्रॅम पुरेसा आहे. वरच्या ‘गुड’ या एका शब्दावर विसंबू नका; ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’, ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘अनकरेक्टेबल सेक्टर’ या तीन ओळींचे मूळ आकडे पाहा. ते षोडशमान पद्धतीत दिसत असल्यास सेटिंगमधून दशमान करून घ्या. पेंडिंगचा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा), आकडा शून्याच्या वर असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर त्या डिस्कवर फॉरमॅटचा प्रयोग करणे व्यर्थ आहे.

एवढ्याने निर्णय होत नसेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, चालवून त्यावर दोन-तीन दिवस काम करा. तेथेही यंत्र बंद पडले तर विंडोज आणि तिचे ड्रायव्हर निर्दोष ठरतात. तेथे सुरळीत चालले तर उरतात ते ड्रायव्हर आणि हार्ड डिस्क, कारण पेनड्राइव्हवरून चालताना डिस्क फारशी वापरली जात नाही. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत. सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये बसवून देणारे प्रोग्रॅम मी कधीही सुचवत नाही. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करून पाहा, कारण ते चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती साठवून ठेवली जाते आणि बिघडलेली स्थितीच पुढच्या वेळी परत उभी राहू शकते. हे सारे करताना एका वेळी एकच बदल करा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. रॅम, पेस्ट आणि ड्रायव्हर एकाच दिवशी बदलले तर कशाने गुण आला हे कळणार नाही.

खर्चाचे म्हणाल, तर सफाई, पेस्ट, रॅम आणि साधी साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) यांवर पैसे खर्च करणे या वयाच्या लॅपटॉपसाठीही योग्य आहे. एसएसडीने तर यंत्राचा वेग लक्षणीय वाढतो. दोष मदरबोर्डवर किंवा ग्राफिक्स चिपमध्ये निघाला तर मात्र थांबावे. चिप तापवून पुन्हा बसवण्याची दुरुस्ती बहुधा काही आठवडे किंवा महिनेच टिकते, आणि तिच्यासाठी मोठी रक्कम देण्याचा सल्ला मी देणार नाही. आणखी एक बाब विचारात घ्यावी: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. यंत्र दुरुस्त झाल्यावर बँकेचे व्यवहार त्यावर करायचे असतील, तर लिनक्स मिंट कायमचे बसवण्याचा विचार करा. लेखन, ब्राउझिंग, मुलांचा अभ्यास आणि मराठी टंकलेखन यांसाठी ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले हे यंत्र त्यावर आणखी काही वर्षे चालू शकते. नवीन लॅपटॉप घ्यावाच लागला तरी या तपासात घेतलेली एसएसडी फुकट जात नाही. साटा एसएसडीचे यूएसबी आवरण स्वस्तात मिळते, आणि त्यात घातल्यावर तीच तुमची बॅकअपची डिस्क होते.